जर्नलिझम करून पुढे काय होतं?

मागच्या रविवारी दुपारी मामांचा फोन आला. मामा सहसा फोन करत नाहीत, फॉरवर्ड करतात, त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघितल्यावर आधी पोटात गोळाच आला, म्हटलं आजीचं काही झालं की काय. तसं काही नव्हतं. धाकटी मामेबहीण बीए झाली, आता तिला जर्नलिझम करायचंय, ते पण पुण्याला येऊन, आणि मामांचा प्रश्न एकदम सरळ, "तू केलंयस ना ते, मग सांग, पुढे काय होतं त्याचं?" मी म्हटलं, होतं मामा, चांगलं होतं. तर म्हणे, "चांगलं होतं का नुसतंच होतं?"

दहा मिनिटं मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काहीच सांगितलं नाही. एखाद्या नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारल्यावर तो जसा बोलतो तसं झालं. म्हणून आता नीट लिहितोय. मामांसाठी आणि तिच्यासाठी पण, ती वाचते हे सगळं. हाय छोटे.

तर मी २०११ ला मंगळवेढ्याहून पुण्यात आलो. स्वारगेटला उतरलो तेव्हा एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात आईने दिलेला भाकऱ्यांचा डबा आणि खिशात रानडे इन्स्टिट्यूटचा पत्ता. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग गणेशखिंडीच्या मेन कॅम्पसमध्ये नाही, तो एफसी रोडला रानडेच्या जुन्या इमारतीत आहे, त्यामुळे तिथून शिकलेलं माणूस "विद्यापीठात होतो" असं कधी म्हणत नाही, "रानडेला होतो" म्हणतं. त्याच आवारात परकीय भाषा विभाग, म्हणजे चहाला गेलं की एका बाकावर जर्मनची व्याकरणं घोकणारी पोरं आणि दुसऱ्या बाकावर आम्ही, रोज संध्याकाळी सरकार पाडणारे. २०२१ मध्ये हा विभाग तिथून हलवायचं ठरत होतं तेव्हा जुन्या-नव्या पोरांनी एवढा विरोध केला की ते थांबलं. बाहेरच्या माणसाला वाटेल इमारतीचं काय एवढं. पण अर्धं शिक्षण त्या बाकावर झालेलं असतं राव.

उरलेलं अर्धं कुठे झालं ते सांगतो.

एक सर यायचे शिकवायला, व्हिजिटिंग, कुठल्याशा पेपरातून मुख्य उपसंपादक म्हणून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशाला कायम हिरवं पेन. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हाला मंडईत पाठवलं, दोन तास फिरा आणि दीडशे शब्दांची बातमी आणा. मी आणली. मला तर ती झकास वाटत होती. "पुण्याची मंडई म्हणजे केवळ बाजार नव्हे" अशी सुरुवात, मग १८८६ ची इमारत, मग तिचं आधीचं नाव रे मार्केट होतं, मग आता महात्मा फुल्यांचं नाव, मग पुणेकर कसे पिशव्या घेऊन येतात, आणि अगदी शेवटच्या ओळीत कोथिंबिरीची जुडी पंचवीस रुपयांवर गेली. सरांनी वाचलं, वरच्या सगळ्या मजकुरावर हिरवी आडवी रेघ मारली आणि शेवटच्या ओळीभोवती गोल केला. "बातमी ही आहे. जुडी कोणी विकली?"

म्हटलं सर, एक मावशी होत्या.

"नाव?"

नाव विचारलं नव्हतं.

"माल कुठला? काल भाव काय होता?"

तेही नव्हतं विचारलं.

"मग जा परत."

परत गेलो, चालत, कारण बसचे पैसे सकाळीच संपले होते. मावशी आवरत होत्या, ओल्या गोणपाटाखाली उरलेल्या जुड्या झाकून ठेवत होत्या. मी म्हटलं मावशी, तुमचं नाव सांगता का. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, "नाव कशाला रे, पोलिसात देतोस का काय?" मग हसल्या, मग नाव सांगितलं, गाव सांगितलं पुरंदरकडचं, कालचा भाव बारा होता, परवा रात्रीच्या पावसात वाफेच्या वाफे आडवे झाले हे सांगितलं, आणि एवढं सगळं फुकट सांगितलं म्हणून मला एक जुडी घ्यायला लावली. पंचवीसची बावीसला दिली. कॉट बेसिसवर राहणारा मी, गॅस नाही काही नाही, ती जुडी घेऊन रूमवर गेलो आणि मेसवाल्या काकूंना देऊन टाकली.

तिसऱ्या वेळी लिहिली तेव्हा बातमी बासष्ट शब्दांची झाली. सरांनी फक्त एक वेलांटी सुधारली. तो कागद अजून जपून ठेवलाय मी, डिग्रीच्या सर्टिफिकेटसोबत एकाच फाइलला.

आता सिलॅबसचं. पेपर बरेच असतात, वृत्तलेखन, संपादन, माध्यमांचा इतिहास, कम्युनिकेशन थिअरी, रिसर्च, कायदे, जाहिरात आणि जनसंपर्क, रेडिओ टीव्ही. थिअरीला आम्ही सगळे वैतागायचो. अजेंडा सेटिंग, म्हणजे लोकांनी कशाचा विचार करायचा ते माध्यमं ठरवतात, वगैरे वाचताना वाटायचं की अमेरिकेत १९६८ साली कुठल्या गावातल्या मतदारांना काय वाटलं याच्याशी आपलं काय देणंघेणं. नंतर पेपरच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावतात तिथे बसल्यावर, कांदा महागला की सलग आठ दिवस पहिल्या पानावर आणि कांदा पडला की आत सातव्या पानावर सिंगल कॉलम, हे स्वतःच्या हाताने करायला लागलो तेव्हा ते चॅप्टर आठवले, पण तोवर परीक्षा होऊन गेली होती.

कायद्याचा पेपर मात्र गंमतच. आम्ही प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट १८६७ पाठ केला, बदनामीसाठी आयपीसीचं कलम ४९९ आणि ५०० झोपेत म्हणू शकायचो. आता १८६७ चा कायदा गेला, त्याजागी २०२३ चा आला, आयपीसी गेली आणि बदनामी भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये जाऊन बसली. मामा परवा म्हणत होते "तुझ्या नोट्स दे तिला", तर मामा, त्या नोट्स आता फक्त वडे बांधायच्या कामाच्या. माहिती अधिकार २००५ चा तेवढा अजून चालेल, तो तिने नीट शिकावा, अर्ज कसा करायचा, पहिलं अपील कधी, कारण ते जमतं असे पत्रकार वाटतात त्यापेक्षा कमी असतात.

इतिहासात बाळशास्त्री जांभेकर असतात. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन, तालुक्याला आमदारांच्या हस्ते शाल आणि नारळ, मग जेवण. पण त्यातली एक गोष्ट कुणी भाषणात सांगत नाही. हा माणूस तेव्हा जेमतेम विशीतला, म्हणजे छोटे, तुझ्याएवढा, पानाच्या एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी असा पेपर काढायचा, आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचा. 'दर्पण' १८४० ला बंद पडला. म्हणजे पोटासाठी एक काम आणि पेपर शेजारी, ही आपली परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. मामांना हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण फोनवर सुचलं नाही.

आता पैशांचं, कारण मामांचा खरा प्रश्न तोच होता.

२०१३ ला मी एका पेपरात उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा हातात साडेदहा हजार यायचे. नारायण पेठेत कॉट बेसिसचे अडीच हजार, मेसचे दोन, गाडीचं पेट्रोल, घरी दोन पाठवायचे म्हणजे पाठवायचेच, आणि वीस तारखेनंतर वडापावावर. पेपरचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली होती आणि सगळीकडे असंच होतं. आम्ही कॉन्ट्रॅक्टवर. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने २०११ ला मान्य केलेल्या, २०१४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने पण शिक्कामोर्तब केलं, ती बातमी आमच्या डेस्कवर आली आणि आम्हीच तिला हेडिंग दिलं. लावताना शेजारचा म्हणाला, "आपल्याला किती मिळणार रे यातून?" मी म्हटलं, "दोन कॉलम." पगार जिथे होता तिथेच राहिला.

पण खोटं कशाला बोलू, डेस्क मला आवडायचा. दुपारी चारला जायचं, बातमीदारांच्या कॉप्या यायला लागायच्या, आधी डाक आवृत्ती सोडायची म्हणजे लांबच्या तालुक्यांची, कारण गाड्या लवकर निघतात, मग रात्री उशिरा शहर आवृत्ती. पान लावणारा ऑपरेटर ओरडतो, "ओ साहेब, चार ओळी जास्त होतायत", आणि तुम्ही उभ्या उभ्या चार ओळी अशा कापता की लिहिणाऱ्याला पण सकाळी कळत नाही. हेडिंग जागेत बसलं की जे वाटतं ना, ते मला नंतरच्या कुठल्याच नोकरीत तसं वाटलं नाही.

आणि त्याच डेस्कवर मी एकदा जिवंत मुलगा मारला.

हे मी फार कुणाला सांगत नाही. हायवेवर दुचाकीचा अपघात, एक ठार एक जखमी, दोघं मित्र, तालुक्याच्या वार्ताहराने रात्री साडेबाराला व्हॉट्सॲपवर बातमी टाकली. पान सुटायला दहा मिनिटं. नावं होती, वयं होती, गाव होतं. मी शुद्धलेखन बघितलं, सिंगल कॉलम लावली, सोडली. सकाळी नऊला ऑफिसच्या फोनवर एका वडिलांचा फोन आला. ते ओरडले वगैरे काही नाहीत. ते म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं ॲडमिट आहे, शुद्धीत आहे, पण घरी माणसं रडत यायला लागलीत." ठार आणि जखमी यांची नावं उलटी झाली होती. मला त्या वार्ताहराला एक फोन लावायचा होता, चाळीस सेकंदाचा, की बाबा कोण गेलं नक्की, हॉस्पिटलला विचारलंस का. तो मी लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आत सातव्या पानावर पाच ओळींची दिलगिरी आली. ज्याचं पोरगं खरंच गेलं होतं त्या घरी आदल्या सकाळी तो पेपर कुणी वाचला असेल का, हा विचार अजून येतो. त्यांच्याकडून फोन आला नाही.

त्या वार्ताहराचं पण सांगायला पाहिजे. त्याला महिन्याला मानधन म्हणून जे मिळायचं त्यात त्याच्या गाडीचं पेट्रोल निघत नव्हतं. तालुक्याच्या वार्ताहराची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, नेत्यांचे वाढदिवस. सकाळी ज्या सरपंचाविरुद्ध बातमी टाकायची त्याच्याकडेच संध्याकाळी पाव पान जाहिरात मागायला जायचं. मग तो बातमी कशी टाकणार तुम्हीच सांगा. छोटे, हे तुला सिलॅबसच्या कुठल्याच पेपरात शिकवणार नाहीत, आणि गावाकडे जाऊन पत्रकारिता करीन असं जे तू मला दिवाळीत म्हणालीस ना, ते करताना सगळ्यात आधी याचा हिशोब मांड.

आमच्या बॅचचं काय झालं ते सांगतो म्हणजे मामांना चित्र मिळेल. छापील पेपरात आजच्या तारखेला आम्ही सगळे मिळून तीन जण उरलोत, म्हणजे मी नाही, ते तीन. एक जण टीव्हीला गेला मुंबईला, आधी असाइनमेंट डेस्क, मग हातात बूम, मग पावसात गुडघाभर पाण्यात उभा राहून पाणी गुडघाभर आहे असं सांगणं, आता आउटपुटला आहे, रनडाउन म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम लावतो आणि बीपीची गोळी घेतो. एक मैत्रीण पीआर एजन्सीत, म्हणजे कंपन्यांची प्रसिद्धी बघणाऱ्या ठिकाणी गेली आणि आमच्या दुप्पट पगारावर सुरुवात केली, तेव्हा आम्ही तिला डार्क साइडला गेलीस म्हणून चिडवायचो, दोन वर्षांनी त्यातल्याच चौघांनी तिला सीव्ही पाठवले, एक मी. एकीने एमपीएससीतून माहिती खात्यात पोस्ट काढली. हे मामांनी लक्ष देऊन वाचावं, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय म्हणून सरकारचं खातं आहे, 'लोकराज्य' मासिक काढतं ते, प्रत्येक जिल्ह्याला त्यांचं ऑफिस असतं, आणि जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदांना पत्रकारितेची डिग्री किंवा डिप्लोमा आणि अनुभव लागतो. म्हणजे हो मामा, सरकारी नोकरी आहे यात. जागा मात्र कधी निघतील ते एमपीएससीला माहीत.

दोघं प्राध्यापकीची नेट परीक्षा काढून शिकवायला लागले. एक पर्मनंट झाला, दुसरा अजून सीएचबीवर, तासाप्रमाणे पैसे, ते पण सहा महिन्यांनी. एक जण निवडणुकीत पक्षांच्या वॉररूमसाठी रील आणि पोस्ट लिहितो, चार महिने बक्कळ पैसा आणि निकाल लागला की फोन उचलणारं कुणी नाही. पक्ष कुठला म्हणाल तर दर वेळी वेगळा. एकीला रेडिओचं वेड, ती काही दिवस म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीवर जाऊन राहिली, गावातल्या बायका स्वतः माइकवर बोलतात ते ऐकायला, आता पॉडकास्ट करते. आणि २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या सीनियर लोकांनी पहिल्यांदा डिजिटलला पत्रकारिता म्हणायला सुरुवात केली, तोपर्यंत वेबसाइटला बसवलं की शिक्षा वाटायची. बॅचमधली सगळ्यात चांगली कॉपी लिहिणारी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिने काहीच केलं नाही. हे पण करिअरमध्येच मोजा.

मी डेस्कवरून एका पोर्टलला गेलो, पोर्टलवरून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी गेलो, एका झूम कॉलवर अकरा जण एकदम, कॅमेरा बंद ठेवून. कुठलं पोर्टल ते जाऊ दे. आता मी बँकेच्या आणि डिलिव्हरीच्या ॲपचं मराठी बघतो. तुमच्या फोनवर "आपला ओटीपी कोणालाही सांगू नका" येतं ना, तसली वाक्यं. पगार डेस्कच्या कितीतरी पट. माझ्या हेडिंगपेक्षा माझा ओटीपी जास्त लोकांनी वाचला असेल. दर महिन्याला अमेरिकेतल्या एका मॅनेजरला मी विचारतो की हे बटण नक्की कोण दाबणार, ग्राहक की डिलिव्हरीवाला, कारण मराठीत क्रियापद बदलतं, आणि तो दर महिन्याला म्हणतो की हे आधी कोणी विचारलं नव्हतं. मी काही फार हुशार नाही. मला एकदा मंडईत परत पाठवलं होतं एवढंच.

बाकी कॉलेजचं म्हणशील छोटे, तर पुणंच पाहिजे असं काही नाही. सोलापूर विद्यापीठात विभाग आहे, घरून जाऊन येऊन होईल. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, संभाजीनगरला आहे, मुंबईला आहे. अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र आहे तिथे मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा मिळतो. नोकरी करत करत करायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ, तालुक्याचे कितीतरी वार्ताहर तिथूनच शिकलेत. कुठेही जा, पण ज्या खासगी ठिकाणी आधी स्टुडिओ दाखवतात आणि मग फी सांगतात तिथे जरा जपून. भाषा दोन पक्क्या कर, तिसरी समजेल एवढी. एक्सेल शिक, खरंच सांगतो, बजेटचे आकडे आले की अर्धी न्यूजरूम पळते, जी पळत नाही तिला पान एक मिळतं. आणि दोन वर्षांत ज्यांना भेटशील त्यांचे नंबर नावासकट गावासकट सेव्ह कर, "मंडई कोथिंबीर" असं नको करू, माझ्या जुन्या फोनमध्ये असले चाळीस नंबर पडून आहेत आणि कोण कुठला काही कळत नाही.

हे सगळं टाकायच्या आधी काल रात्री दोघांना पाठवलं, म्हटलं घरच्यांचं नाव निघतंय तर आधी वाचू दे. मामांचा अंगठा आला, मग पाच मिनिटांनी मेसेज, "छान लिहिले आहेस. माहिती अधिकारीचे वय किती पर्यंत चालते ते बघ. एमपीएससीचा फॉर्म पण भरून ठेवायला सांग तिला."

तिचा मेसेज रात्री साडेअकराला आला. "दादा सगळं वाचलं. त्या मावशींचं नाव काय होतं? तू लिहिलंच नाहीस."

माळ्यावरची फाइल काढायला लागणार आता.